मदत हवी आहे: एसटी-लिंकला ब्लू पिल सापडतच नाही (अर्जंट!)

अर्धा_सोल्डर
मंडळी, शुक्रवारी डेमो आहे आणि डोकं फिरायची वेळ आलीय. एसटी-लिंक (चिपमध्ये कोड टाकायचं, डीबग करायचं उपकरण) ब्लू पिलला (एसटीएम३२ एफ१०३ चिपचा छोटा बोर्ड) जोडलंय. चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या क्यूबप्रोग्रामर सॉफ्टवेअरमध्ये कनेक्ट दाबलं की 'नो एसटीएम३२ टार्गेट फाउंड'. परवापर्यंत मस्त चालत होतं. वायरी तपासल्या, यूएसबी केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. दुसरा बोर्ड लावला, तोही चालत नाही. दोन्ही एकदम कसे जातील? 'गूगल कर' सोडून काहीही सांगा.

तांब्याची_तार
परवापासून आजपर्यंत काय बदललंस? एसटी-लिंक ओरिजिनल की डबीतलं (स्वस्त नक्कल)? पॉवर कुठून देतोस? दुसऱ्या बोर्डावर हीच एरर येते की वेगळी? हे कळल्याशिवाय सगळं अंधारात तीर मारणं आहे.

लॅमिंग्टन_काका
अॅल्युमिनियमची डबी असेल तर वर छापलेल्या पिनांवर भरवसा ठेवू नकोस बाळा. डबी सरकवून काढ आणि आतल्या बोर्डावर काय छापलंय ते बघ. माझ्याकडे दिसायला हुबेहूब अशा दोन डब्या आहेत, दोन्हींच्या पिनांचा क्रम वेगळा.

अर्धा_सोल्डर
डबीतलंच आहे. चार वायरी: ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि एसडब्ल्यूडी डीबगच्या दोन, एसडब्ल्यूडीआयओ (डेटा) आणि एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक). पिना बरोबरच आहेत, परवा चालत होतं म्हटलं ना काका!

पिको_प्रेमी
ती डबी फेकून दे. एक रास्पबेरी पाय पिको (छोटा बोर्ड) घे, त्यात त्याला डीबगर बनवणारं डीबगप्रोब फर्मवेअर टाक. पिकोच्या जीपी२ पिनला एसडब्ल्यूसीएलके, जीपी३ ला एसडब्ल्यूडीआयओ. वर सिरियल पोर्ट फुकट मिळतो. मी दुसरं काही वापरतच नाही.

लॅमिंग्टन_काका
शुक्रवारी डेमो आहे त्याचा. तो आता तुमचा पिको शोधायला पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पासोड्या विठोबापाशी हिंडत बसू दे का?

नवशिका_७
याच एसटी-लिंकने ईएसपी३२ (दुसऱ्या कंपनीची वायफाय चिप) डीबग होईल का? माझ्याकडे पडून आहे.

तांब्याची_तार
नाही, त्याला जेटॅग लागतं, ती डीबगची वेगळी पद्धत. आणि त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

चिकटपट्टी
ब्लू पिलला यूएसबीपण लावलंयस का? दोन्हीकडून पॉवर दिली तर चिप उडते.

पिको_प्रेमी
लगेच उडत नाही हो. बोर्डावरचा रेग्युलेटर आणि डबीतला रेग्युलेटर एकाच ३.३ च्या रेषेवर भांडत बसतात, एवढंच. पण एकच पॉवर ठेवावी हे खरं.

चिकटपट्टी
एवढंच म्हणे! माझा एक बोर्ड असाच गेलाय. ओरिजिनल एसटी-लिंकचं बरं असतं, त्याची ती व्होल्टेजची पिन पॉवर देतच नाही, समोर किती व्होल्ट आहेत तेवढं बघते.

अर्धा_सोल्डर
यूएसबी लावलेलं नाही, पॉवरचा लाल दिवा लागतो. प्लीज मूळ प्रश्नावर या. बदल म्हणाल तर पीबी४ पिनवर बटण हवं होतं म्हणून क्यूबएमएक्समध्ये (पिना ठरवून सुरुवातीचा कोड काढून देणारं एसटीचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट नव्याने काढला. त्याचा इथे काय संबंध? तो कोड बोर्डात गेला, एलईडी अजून लुकलुकतोय. दुसऱ्या बोर्डावर क्यूबआयडीई (कोड लिहायचं, डीबग करायचं एसटीचं सॉफ्टवेअर) म्हणतं 'कुड नॉट व्हेरिफाय एसटी डिव्हाइस'.

तांब्याची_तार
सगळा संबंध तिथेच आहे! नव्या प्रोजेक्टमध्ये सिस्टिमखाली डीबग 'नो डीबग' वरच राहिलं असणार. एफ१०३ साठी तेव्हा एचएएलच्या (एसटीच्या तयार कोडच्या) एमएसपी फाइलमध्ये एसडब्ल्यूजे डिसेबलची, म्हणजे डीबगच्या पिना बंद करणारी ओळ पडते. पहिल्यांदा कोड जातो, कारण तोवर ती ओळ चाललेलीच नसते. मग चिप सुरू झाली रे झाली की पीए१३ आणि पीए१४ (एसडब्ल्यूडीच्या त्याच दोन पिना) डीबगच्या हातून सुटतात, आणि एसटी-लिंक बंद दारावर थापा मारत बसतं.

उपाय: बूट०चा पिवळा जंपर १ वर कर, रिसेट दाब. आता तुझा कोड न चालता आतला बूटलोडर चालेल, तो या पिनांना हात लावत नाही. कनेक्ट कर, फुल चिप इरेज मार, जंपर परत ० वर. मग क्यूबएमएक्समध्ये डीबगला 'सिरियल वायर' (म्हणजे एसडब्ल्यूडी) निवडून कोड नव्याने काढ. तुझं पीबी४ त्यातही मोकळंच राहतं, पीबी३ आणि पीए१५ सुद्धा.

लॅमिंग्टन_काका
जंपरची कटकट कशाला? रिसेटची पाचवी वायर जोड आणि 'कनेक्ट अंडर रिसेट' निवड.

तांब्याची_तार
काका, या डब्यांची आरएसटी पिन बऱ्याचदा एसटीएम८ (एसटीच्या ८-बिट चिपा) पुरतीच असते, एसडब्ल्यूडीच्या वेळी ती हलतच नाही. बोटाने रिसेट दाबून धरायचा, कनेक्ट मारायचं आणि त्याच क्षणी सोडायचा, असं जमतं. पण ते नशिबावर.

लॅमिंग्टन_काका
माझ्या डबीत हलते.

चिकटपट्टी
वायरी लांब असतील तर स्पीड ४००० वरून ४८० किलोहर्ट्झवर आण, तेही बघ.

अर्धा_सोल्डर
बूट० ने कनेक्ट झालं!! इरेज केलं, सिरियल वायर लावून कोड टाकला, दुसऱ्यांदाही गेला. आता दुसऱ्या बोर्डाचं काय? त्यात तर अजून काहीच टाकलेलं नाही.

पिको_प्रेमी
तो बोर्ड मेलेला नाही, त्यावरची चिप एसटीची नाही. ओपनओसीडी या मोफत डीबग सॉफ्टवेअरने बघ, अस्सल चिपच्या १बीए०१४७७ ऐवजी २बीए०१४७७ असा आयडी येईल. सीएस३२ सारख्या नकली चिपा ब्लू पिलवर सर्रास असतात. चिपवर एसटीचा छाप दिसला तरी हुरळून जाऊ नकोस.

अर्धा_सोल्डर
हो, अनएक्स्पेक्टेड आयडीकोड २बीए०१४७७. मग तो वापरायचाच नाही का?

पिको_प्रेमी
वापर की. ओपनओसीडी चालवताना टार्गेटची फाइल लोड व्हायच्या आधी सीपीयूटॅपआयडी (चिपचा अपेक्षित आयडी) २बीए०१४७७ वर सेट कर, म्हणजे तो कुरकुर करणार नाही. क्यूबआयडीई मात्र स्वतःच्या जीडीबी सर्व्हरने अडवतं, तिथे डीबगर बदलून ओपनओसीडी निवड.

तांब्याची_तार
हे शनिवारी कर. डेमोला पहिलाच बोर्ड ने, आणि बूट० चा जंपर ० वर आहे का ते निघण्याआधी बघ.

नवशिका_७
ईएसपी३२ साठी मग कुठलं जेटॅग अडॅप्टर घेऊ? बजेट कमी आहे.