मदत हवी आहे: पी०४८० कोड येतोय, रेडिएटर फॅन फिरत नाही. मोटर बदलण्याआधी घरी काय तपासू? (ठाणे)

वाघबीळकर

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. राहायला घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीत.

गाडी पळत असली की काहीच त्रास नाही, टेंपरेचरचा काटा मधोमध. कापूरबावडीच्या अलीकडे रांगेत अडकलो की काटा वर सरकायला लागतो आणि एसीतून कोमट हवा येते. पुढे रस्ता मोकळा मिळाला की थोड्या वेळात दोन्ही पूर्ववत. चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला.

माझ्याकडे गाडीचे दोषकोड वाचणारं ब्लूटूथवालं ईएलएम३२७ रीडर आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावून फोनवर वाचलं तर एकच कोड: पी०४८०, कूलिंग फॅन १ कंट्रोल सर्किट. सिग्नलला उभं असताना कुलंटचं तापमान १०६ पर्यंत गेलेलं दिसलं, तेव्हाही बोनेटखाली पंखा गप्प.

एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून तोच कोड वाचला आणि म्हणाला, "शेठ, फॅनची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." दुसरा म्हणतो, "कशाला खर्च करता, पंख्याला डायरेक्ट स्विच बसवून देतो, डॅशबोर्डवरून चालू-बंद करा." दोघांनीही मोटरला हात लावून पाहिलं नाही, म्हणून मन तयार होत नाही.

पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली होती. त्याचा संबंध असेल का? मल्टिमीटर, टेस्टिंग लॅम्प आणि पाना-पकड घरी आहे. डायग्रॅम समोर असला तर वायर शोधता येते, त्यापलीकडे इलेक्ट्रिकलचं ज्ञान बेताचंच.

कळवेकर

थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून टाका. आपल्याकडच्या हवेत त्याची गरजच नाही. माझ्या आधीच्या गाडीचा काढला होता, कधी गरम झाली नाही.

खारघरची

कळवेकर, थर्मोस्टॅट अडकला असता तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापली असती. यांची फक्त उभी असताना तापते, आणि त्याच वेळी एसीही कोमट होतो. एसीचा कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच असतो, दोघांना हवा एकाच पंख्याची. चालत्या गाडीत ते काम वारा करतो. शिवाय थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मग पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) हा कोड येऊन बसतो. एक दुखणं घालवून दुसरं घ्यायचं कशाला?

वाघबीळकर, कोडचं नाव परत वाचा. फॅन "कंट्रोल सर्किट". रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पंख्याची मोटर दिसतच नाही. त्याला दिसते ती फक्त त्याच्यापासून रिलेच्या कॉइलपर्यंत गेलेली बारीक वायर. मोटर जळली तर पंखा फिरणार नाही, गाडी तापेल, पण पी०४८० येईलच असं नाही. उलट ही बारीक वायर तुटली तर मोटर धडधाकट असूनही हा कोड येतो. असेंब्लीचे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

कोड पुसला नाहीत ना अजून? अ‍ॅपमध्ये फ्रीझ फ्रेम बघा. कोड पडला त्या क्षणाचं तापमान, वेग, आरपीएम तिथे असतं. कोड पुसला की तेही जातं.

वाघबीळकर

पुसला नाही. फ्रीझ फ्रेममध्ये कुलंट ३३ अंश, वेग शून्य, आरपीएम अकराशेच्या आसपास. म्हणजे सकाळी सोसायटीत गाडी सुरू केल्या केल्या पडलाय. ३३ अंशाला पंख्याचं काय काम?

खारघरची

काम नाहीच. म्हणून तर हा आकडा मोलाचा. पंखा बंद असतो तेव्हा त्या बारीक वायरवर, रिलेच्या कॉइलमधून आलेले १२ व्होल्ट ईसीयूला दिसायला हवेत. पंखा लावायचा झाला की तो ती वायर आतून अर्थ करतो (मायनसला जोडतो), व्होल्ट शून्याजवळ येतात, रिले ओढला जातो. गाडी थंड, पंखा बंद, आणि तरी वायरवर काहीच व्होल्ट नाहीत, तर ईसीयू म्हणतो लाइन तुटलेली आहे. तुमचा कोड उष्णतेमुळे आलेला नाही. तुटलंय काहीतरी: फ्यूज, रिलेची कॉइल, नाहीतर वायर.

तुर्भे_वायरमन

ताईंनी बरोबर धरलंय. आता हाताने करायचं ते सांगतो. क्रम सोडू नका.

आधी सावधगिरी. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा पात्यांजवळ बोटं, ओढणी, गळ्यातली साखळी काही नको. आणि गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पंख्याचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. मोटरला बॅटरीवरून दोन जाड वायरींनी थेट करंट द्या, प्लसच्या वायरीत ३० अँपिअरचा फ्यूज घालून. पंखा जोमाने फिरला तर मोटर निर्दोष. अडखळत फिरला किंवा हाताने ढकलल्यावर सुरू झाला तर मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजलेत, मग गॅरेजवाल्याचं अर्धं खरं.

मग बोनेटखालच्या बॉक्समधला फॅनचा रिले उपटा. हॉर्नचा रिले बहुधा त्याच नंबरचा असतो, छापलेला नंबर जुळला तर अदलाबदल करून बघा. जुन्या रिलेच्या ८५ आणि ८६ पायांमध्ये मीटर लावा, साधारण ७० ते १०० ओहम दिसायला हवेत. काहीच दाखवत नसेल तर कॉइल गेली, तिथेच काम संपलं.

रिले चांगला निघाला तर खरी मजा सॉकेटमध्ये. चावी ऑन, इंजिन बंद. टेस्टिंग लॅम्पची क्लिप बॅटरीच्या मायनसला. चार भोकांपैकी दोन ठिकाणी दिवा लागला पाहिजे: एक जाड वायरीचं ३० नंबर, आणि एक कॉइलचं फीड. फीडवर लागत नसेल तर मागे जाऊन फ्यूज शोधा. दोन्हीकडे लागला तर ३० आणि ८७ मध्ये फ्यूजवाली जाड वायर टाका, पंखा फिरला पाहिजे. फिरला की जाड वायरींचा अख्खा मार्ग चोख.

उरलेलं चौथं भोक ईसीयूकडे जातं. रिलेच्या त्या पायाला तांब्याची एक बारीक तार गुंडाळून रिले परत बसवा आणि तार बॅटरीच्या मायनसला टेकवा. रिलेने टक् केलं आणि पंखा लागला तर दोष त्या भोकापासून ईसीयूपर्यंतच्या वायरीत, फार क्वचित ईसीयूमध्ये. पण पाय ओळखल्याशिवाय अर्थ करू नका. ३० ला अर्थ केलंत तर ठिणगी उडेल आणि मोठा फ्यूज जाईल.

हे सगळं साध्या रिलेवाल्या गाडीचं. पंख्याला वेगळा कंट्रोल मॉड्यूल असेल तर हा प्रयोग करू नका.

घणसोली_एक्सप्रेस

एवढं करण्यापेक्षा डायरेक्ट स्विच काय वाईट? आमच्या टूरच्या गाड्यांना कित्येकांना आहे.

तुर्भे_वायरमन

अडकलेली गाडी घरी न्यायला मीही देतो, फ्यूज आणि रिले टाकून. कायमचा नाही. एक दिवस माणूस स्विच विसरतो, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केटचं (इंजिनच्या हेडखालचं सील) बिल भरतो. सतत चालू ठेवला तर मोटर लवकर झिजते. आणि मूळ वायर तुटलेलीच राहते, दिवा पेटलेलाच. पुढे दुसरा गंभीर कोड आला तरी पेटलेल्या दिव्यात कोणाला कळणार?

वाघबीळकर

रविवारी पार्किंगमध्ये बसलो. मोटर थेट करंटवर जोरात फिरली. रिले ८२ ओहम, हॉर्नच्या रिलेनेही फरक नाही. ३० आणि फीड, दोन्हीकडे दिवा लागला. जाड वायर टाकल्यावर पंखा लागला. चौथा पाय अर्थ केल्यावर टक् आवाज आणि पंखा सुरू! म्हणजे वायर किंवा ईसीयू. ईसीयूची किंमत ऐकून आत्ताच घाम फुटलाय.

खारघरची

ईसीयूचं नाव सगळ्यात शेवटी घ्या. बॅटरीचं मायनस काढा, थोडं थांबा, ईसीयूचा कपलर सोडवा आणि त्या चौथ्या भोकापासून ईसीयूच्या फॅन पिनपर्यंत मीटरने कंटिन्युइटी (वायर आतून सलग आहे का) बघा. पिन नंबर तुमच्याच मॉडेलच्या आणि सालाच्या डायग्रॅमवरून घ्या, अंदाजाने नाही. मीटरची जाड सुई पिनेत खुपसू नका, पिन सैल होऊन नवा आजार लागतो. त्याआधी डोळ्यांनी तपासा: बॅटरीच्या ट्रेखाली, हार्नेस (वायरींचा जुडगा) वळतो तिथे. पाण्यातून गाडी काढली म्हणता, तर कपलरमध्ये हिरवट बुरशीसारखं काही धरलंय का तेही बघा.

वाघबीळकर

कंटिन्युइटी नाही. बॅटरी उचलली तर ट्रेखाली उंदराच्या लेंड्या, कापसाचे पुंजके, आणि हार्नेसची टेप कुरतडलेली. आत एक बारीक वायर पूर्ण तुटलेली, दुसरीचं फक्त आवरण गेलंय. कपलर कोरडे आहेत, विटाव्याचं पाणी निर्दोष. सोसायटीचं पार्किंग नाल्याला लागून आहे, हे आधीच सुचायला हवं होतं कोणाला तरी! पिळून काळी टेप गुंडाळली तर चालेल का?

तुर्भे_वायरमन

पुढच्या पावसापर्यंत चालेल. पिळून टेप लावलेला जोड आतून काळा पडतो आणि हाच कोड परत येतो. त्याच जाडीच्या वायरीचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांना सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह. स्लीव्ह आधी वायरीत ओवा, जोडल्यावर ती जात नाही. दोन जोड शेजारी-शेजारी नकोत, थोडे मागेपुढे ठेवा. आवरण गेलेली वायरही झाकायला हवी. ती अख्खी आहे, म्हणजे स्लीव्ह आत सरकणार नाही, तिथे चिकट आवरणाची टेप किंवा कापून नवा जोड. सोल्डरिंग करताना बॅटरी सुटलेलीच असू द्या.

वाघबीळकर

जोड झाले, कोड पुसला. गाडी उभी ठेवून लाइव्ह डेटा लावला: ९७ ला पंखा सुरू, ९१ ला बंद, पुन्हा ९७ ला सुरू. एसी लावल्यावरही लगेच फिरतो. फक्त कुलंटच्या बाटलीत पातळी खालच्या रेघेवर आलीय. नळाचं पाणी घालू?

खारघरची

नको, क्षार धरतात. गाडी पूर्ण थंड असताना आधीच्याच प्रकारचं कुलंट वरच्या रेघेपर्यंत भरा. कॉन्सन्ट्रेट असेल तर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून, रेडीमिक्स असेल तर तसंच. खाली सांडलं तर धुऊन टाका, चवीला गोड असतं आणि पार्किंगमधल्या मांजरांना ते विष आहे. १०६ पर्यंत जाऊन आलीय म्हणून काही दिवस रोज सकाळी पातळी बघा. उतरत राहिली, किंवा इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे दिसले, तर गॅस्केट तपासून घ्या.

वाघबीळकर

भरलं. काल संध्याकाळी कापूरबावडीला नेहमीची रांग होती, एसी चालू ठेवून उभा होतो, काटा मधोमध. पातळी आज सकाळी तितकीच. शीर्षकात "सुटलं" असं टाकतोय. उंदरांसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिलाय, त्याचा धागा वेगळा काढावा लागेल.