चित्रे लॅमिनेट करण्यापूर्वी

मुलांची चित्रे टिकावीत म्हणून ती सरसकट लॅमिनेट करून घ्यावीत, असे बरेचदा सुचवले जाते. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. लॅमिनेशनच्या उष्णतेने मेणाचे खडू वितळून पसरू शकतात आणि एकदा चिकटलेले प्लास्टिक कागद न फाटता पुन्हा निघत नाही. माझ्या मुलीने पहिलीत काढलेल्या गणपतीची सोंड अशीच मोदकात मिसळून गेली, आणि ते तिने दुकानातच ओळखले. ऑइल पेस्टल तर कधीच पूर्ण वाळत नाहीत, त्यामुळे अशा दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालून ती सपाट फाइलमध्ये ठेवावीत; पावसाळा सरल्यावर एखाद्या कोरड्या दिवशी फाइल उघडून कसर लागली नाही ना, हेही पाहावेच लागते. भिंतीवर लावताना सेलोटेप नको, कारण तिचा चिकट थर पिवळा पडून कागदात मुरतो. आम्ही दिवाणखान्यात सुतळी बांधून लाकडी चिमट्यांनी चित्रे टांगतो आणि नवे आले की कोणते जुने उतरवायचे, ते मुलगीच ठरवते (बाबांची निवड बहुधा फेटाळली जाते). स्केचपेनचे रंग उजेडाने लवकर उडतात, म्हणून ती चित्रे टांगण्यापूर्वीच त्यांचे छायाचित्र काढून ठेवतो.