भंगारातला हँडब्रेक घरच्या गाडीले लावावा का?

बागवाला (अचलपूर): ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स अन् मागचा एक्सल घेऊन घरीच चॅसिस बांधली. दोन सीटची उघडी गाडी हाये. हँडब्रेकची लिव्हर भंगारातून आणली, ओढलेली लिव्हर अडकवून धरणारे तिचे दात शाबूत हायेत. पण माह्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ओम्नीपेक्षा हातभर जास्त, म्हणून जुनी केबल पुरत नाई. मेस्त्री म्हंते, तार कापून क्लॅम्पनं तुकडा जोडू. माहं मत पक्कं हाये: लिव्हर भंगाराची चालते, केबल नाई. मले ह्या गाडीत घरच्यायले घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा हाये.

जुना मेस्त्री: भाऊ, कंपनीच्या गाडीतून निघालेली केबल बाजारातल्या डुप्लिकेट मालापेक्षा कधीही चांगली. नवीन म्हणजे मजबूत, असं कायले समजता? म्या कितीक गाड्यांले जुन्या केबली लावल्या, आजही धरून हायेत.

बागवाला: डुप्लिकेटचं तुमचं म्हणणं खरं हाये, मेस्त्री. पण जुन्या केबलच्या नळीत पाणी शिरते, आतली तार गंजते अन् बाहेरून काहीच दिसत नाई. तुटली नाई तरी अडकते. मग लिव्हर खाली केली तरी ब्रेक सुटत नाई, चाकातला ब्रेकचा ड्रम तापते.

अमरावतीची मेकॅनिकल: क्लॅम्पला माझा ठाम विरोध आहे. पीळ घातलेली तार कापली की टोकाचे धागे सुटू लागतात, आणि क्लॅम्पखाली ताणाने हळूहळू घसरतात. ब्रेक एका दिवसात जात नाही, रोज थोडा ढिला होतो, म्हणून लक्षातही येत नाही. हव्या त्या लांबीची, टोकं दाबून बसवलेली केबल करून घ्या. दोन्ही चाकांना सारखी ओढ देणारी पट्टी, म्हणजे इक्वलायझर, विसरू नका. ती नसली तर एकच चाक धरतं.

जीपवाला (वरुड): केबलीची एवढी झंझट कायले? ब्रेक ऑइलच्या पाइपात दाब कोंडून ठेवणारं लॉक बसवा. पाय दाबा, लॉक फिरवा, झालं.

अमरावतीची मेकॅनिकल: दादा, हे अजिबात करू नका. ऑइल थंड झालं की आकसतं, सील थोडं जरी झिरपलं तरी दाब उतरतो. संध्याकाळी धरलेली गाडी पहाटे उतारावर सुटू शकते. शिवाय पायाचा ब्रेक गेला तर हँडब्रेकही त्याच्यासोबत जातो. तो वेगळाच हवा, तारेचा.

जीपवाला: बरं, हे पटलं. मग जुन्या जीपवानी प्रोपेलर शाफ्टवरचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलले फिरवणाऱ्या दांड्यावरचा, ड्रम लावा, एकच केबल लागते.

जुना मेस्त्री: तो उतारावर धरते, पण जॅकनं मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांले वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, ते चाक मोकळं फिरते अन् गाडी जॅकवरून निसटते. म्या असं डोळ्यानं पायलं हाये. लिव्हरवरच्या हातानं चाकच धरावं.

शेतकरी (मोर्शी): अन् कागदाचं काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या गाडीत मनमानी बदल करू देत नाई. अशी गाडी आधी बागेतच फिरवा.

बागवाला: कागद आधी करतो. केबल बनवाले टाकली हाये. मेस्त्री, ब्रेकनं चाकच धरावं ही तुमची गोष्ट मानली, चाकाच्या ड्रमचे लायनर, म्हणजे आतून घासणाऱ्या पट्ट्या, मोजूनच लावतो.

जुना मेस्त्री: मान. पण गाडी भरून, न्यूट्रलमध्ये, कालव्याच्या चढावर उभी कर. चाकामागं दगड ठेव अन् लिव्हर किती दात ओढल्यावर धरली ते मले सांग.