अनुभव धागा: तुमची पटकथा कुठे अडली आणि कशी सुटली?

सोमेश्वरकर

नाशकात कथा सुचलेला माणूस शोधावा लागत नाही. कॉलेज रोडला चहा घेत उभं राहिलं की एखादी वनलाइन कानावर पडतेच. पुरी झालेली पटकथा मात्र क्वचित हातात येते. आमच्या रविवारच्या गटात बहुतेकांचे सुरुवातीचे सीन झकास आहेत, मध्यांतर जोरदार आहे, आणि त्यापुढे फाइल उघडलेलीच नाही.

म्हणून हा धागा. नोकरी, शेती, संसार सांभाळून ज्यांनी पटकथा शेवटापर्यंत नेली, किंवा नेता नेता सोडून दिली, त्यांनी नेमकं कुठे अडलं ते लिहा. अख्खी गोष्ट उघड करू नका. आणि फाळके आपल्या त्र्यंबकचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून सुरुवात नको.

लासलगाव लाइन

अंबडला कारखान्यात शिफ्टची नोकरी, घरी निफाड तालुक्यात कांदा. माझी गोष्ट दोन भावांची. थोरल्याला माल विकून मोकळं व्हायचंय, धाकट्याला भाव वाढेपर्यंत थांबायचंय. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागू झाली, तो माझा मध्यांतर. तिथपर्यंत गाडी सुसाट. पुढे मात्र जो तो भाषण ठोकायला लागला. सरकार, व्यापारी, नशीब, सगळ्यांवर बोलून झालं तरी गोष्ट जागची हलेना.

चुलतभावाला वाचायला दिलं. तो शेतीच करतो, सिनेमाशी संबंध फक्त मोबाइलपुरता. त्याने एकच विचारलं, "ह्यांचा कांदा कोणता रे? उन्हाळ का लाल?"

पटकथेत नुसता 'कांदा' होता. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ कांदा नीट वाळवून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला की चार-पाच महिने निघतात. डिसेंबरात शेतातून येतो तो लाल. तो टिकत नाही, काढला की विकायचा. मी कांदा लाल केला आणि धाकट्याचं 'थांबू' एकदम महाग झालं. आतापर्यंत ते त्याचं मत होतं. आता रोज त्याची किंमत मोजावी लागत होती. चाळीत वास सुटतो, मजूर पैसे मागायला येतात, बायको वेगळं बोलायला लागते. हे सीन मला सुचवावे लागले नाहीत, एकातून दुसरा निघत गेला.

लिलावाचा सीनही तेव्हाच सुधारला. ट्रॅक्टर रांगेत उभे, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, वरचा कांदा हातात घेऊन बघतो, क्विंटलमागे बोली होते आणि घोळका पुढे सरकतो. सगळा खेळ काही क्षणांचा. शेतकरी नाही म्हणू शकतो, पण ट्रॉली भरलेली परत न्यायची तर डिझेल कुणाचं? आधी इथे भावांचं पानभर भांडण होतं. आता थोरला मान डोलावतो आणि बघतो तर धाकटा ट्रॅक्टरची किल्ली घेऊन निघून गेलेला. संवाद नाही.

मी मधेच कितीतरी महिने शेवट काय करावा याचा विचार करत बसलो होतो. अडचण शेवटाची नव्हतीच. माझ्या पात्रांकडे वेळ फार होता.

तिसरी घंटा

किल्लीचा सीन आवडला. मी लिहिला असता तर थोरल्याने किल्लीवर दोन पल्लेदार वाक्यं टाकली असती.

मी हौशी रंगभूमीवरचा. राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने कालिदास आणि साईखेडकर या इथल्या नाट्यगृहांच्या विंगेत आयुष्य गेलं. शिरवाडकर-कानेटकरांच्या गावात वाढलेल्या माणसाला संवाद लिहायला शिकवावं लागत नाही, थांबवावं लागतं. माझी पटकथा अडली होती ती याच पायी. पात्रं इतकं छान बोलत की त्यांना काही करायची गरजच पडत नसे.

सोमेश्वरकरांचा नियम मोडतो, माफी असावी. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ला आवाज नव्हता. चित्रं आणि मधल्या पाट्या, एवढ्यावर गोष्ट कळायची. म्हणून मी एक अख्खा ड्राफ्ट मुका लिहिला. जिथे वाचणाऱ्याला कळेचना, तिथेच वाक्य परत घेतलं. माझी गोष्ट सराफ बाजारातल्या दुकानदाराची, पुराच्या दिवसातली. आधी मुलगा म्हणायचा, "बाबा, पाणी वाढतंय, माल हलवायला हवा." आता मुलगा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय ते बघून येतो. नदीपात्रातल्या या मूर्तीवरूनच इथे पुराचा अंदाज घेतात. बाप त्याचं तोंड बघतो आणि खालच्या कप्प्यातला माल वर चढवायला लागतो. नाशिककराला पुरेसं आहे. पुणेकराला कळतं का, यावर आमच्या गटात वाद आहे. माझ्या मते कळतं, मारुतीची पातळी आधी एकदा दाखवली की झालं.

कथाविस्तारवाली नाही

नाव असं का, तर मालिकेत कथाविस्तार, म्हणजे गोष्ट पुढे कशी जाणार ते ठरवणं, एकाचा, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. मी ती तिसरी. इंदिरानगरला घरी बसून लिहिते आणि मेल करते. एपिसोड पुरा होतो कारण उद्या शूटिंग असतं, त्यात प्रतिभेचा फारसा संबंध नाही. माझ्या स्वतःच्या सिनेमासाठी मात्र कुणीच खोळंबलं नव्हतं, त्यामुळे तो पडून राहिला.

मग जाऊबाईंना गाठलं. दर गुरुवारी दुपारी जेवढं झालं असेल तेवढं त्यांना वाचून दाखवायचं. त्यांना सिनेमाचं काडीचं कौतुक नाही, हाच फायदा. त्या 'छान आहे' म्हणत नाहीत. निवडायची भाजी पुढे ओढली की समजायचं सीन लांबला. एकदा मी पुढचं न लिहिताच गेले, तर म्हणाल्या, "मग त्या पोरीचं काय झालं ते तोंडी तरी सांगा." तोंडी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लिहायची खुमखुमी तिथेच जिरली असती. जे लोक चहाच्या टपरीवर कथा ऐकवतात ना, त्यांचं बहुधा हेच होत असावं.

एक तांत्रिक गोष्ट. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीचा आहे, कुरिअर फॉन्ट, बारा पॉइंट. देवनागरीत फॉन्ट बदलला की पानं बदलतात. मी घड्याळ लावून मोठ्याने वाचते, हालचालींसकट.

मागावरून

मालेगाव. आमच्याकडे शुक्रवारी यंत्रमाग बंद, त्यामुळे इथे सिनेमा काढणारे शुक्रवारचे. पैसे नाहीत हे आधीच माहीत असतं, म्हणून हाताशी जे आहे त्यावर लिहायचं. माझी गोष्ट कारखान्यातच घडते. माग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, माणसं खुणांनी बोलतात. नायकाने सगळ्यांदेखत कबुली द्यायची होती. ती चालू मागांमध्ये दिली. कुणालाच ऐकू गेली नाही, फक्त ओठ वाचणाऱ्या एका म्हाताऱ्याला कळली. दुसरा भाग तिथून उघडला.

नवखी_पंचवटी

सगळ्यांचं वाचलं. माझी गोष्ट तयार आहे पण कुणाला दाखवायची भीती वाटते. चोरली तर? नोंदणी आधी करू का?

पंचवटीचा पासधारक

ताई, नाव पंचवटी बघून बोलतोच. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला कथा ऐकवायला जाणाऱ्यांतला मी एक. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात ते स्पष्ट केलंय. एका नाटककाराने सिनेमावर दावा केला होता, तो हरला. कल्पना, विषय, कथानकाचा साचा यावर कुणाची मालकी नाही. ती तुम्ही ज्या तपशिलाने मांडता त्यावर आहे. थोडक्यात, वनलाइन जपत बसण्यात अर्थ नाही, लिहिलेली पटकथाच काय ती तुमची.

स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन घरबसल्या नोंदणी करता येते. त्याने अमुक तारखेला हे तुमच्याकडे होतं एवढा पुरावा राहतो. मला अंधेरीत एका ठिकाणी तासभर ऐकून घेऊन 'असंच काहीतरी आमच्याकडे चालू आहे' म्हणाले. खरंही असेल. तेव्हापासून ऐकवून आलो की त्याच रात्री मेल करतो: आज अमुक कथा ऐकवली, सोबत जोडली आहे. लोक जास्त सभ्य वागतात.

साधुग्राम

उलट बाजूही येऊ द्या. २०१५ च्या सिंहस्थात हरवलेल्या म्हातारीवर लिहायला घेतलं होतं. गर्दीचे सीन इतके वाढले की ते कुणाला झेपणार नाहीत हे मलाच दिसत होतं. सोडून दिलं. त्यातला हरवलेल्यांच्या केंद्रातला एकच प्रसंग उचलला, एकांकिका केली, ती चांगली चालली. २०२७ चा कुंभ जवळ आला म्हणून लोक विचारतात, आता पुन्हा काढणार का? नाही. प्रत्येक पटकथा पुरी झालीच पाहिजे असं काही नसतं.

सोमेश्वरकर

साधुग्राम, मान्य, पण तुमचा दाखला देऊन अर्धा गट सुटी घेईल.

नवखीताई, रविवारी या. सुरुवात सगळ्यांचीच चांगली असते, ती ऐकून काही कळत नाही. शेवटची दहा पानं घेऊन या.

नवखी_पंचवटी

शेवटची दहा? 'तयार आहे' म्हणजे डोक्यात तयार आहे हो. हा रविवार की पुढचा?