शब्द : सत्ता चालवणे, राखण करणे (उत्पत्ती १:२८ आणि २:१५)

प्रश्न :
मराठी बायबलमधे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला सांगतो की पृथ्वी सत्तेखाली आणा, मासे पक्षी प्राणी यांवर सत्ता चालवा. हवामान बदलाचा विषय निघाला की लोक हेच वाक्य दाखवतात, बघा तुमच्या शास्त्रानेच जंगलं तोडायचं लायसन दिलंय. इथे सत्ता शब्द बरोबर आहे का?

उत्तर :
ताई, हा आरोप जुना आहे, लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली 'सायन्स' मासिकात तो केला आणि तेव्हापासून चर्चमधेही यावर भरपूर मंथन झालंय. शब्दापुरतं म्हणाल तर सत्ता चुकीचा नाही. हिब्रूत तिथे दोन क्रियापदं आहेत, काबश आणि रादा. काबश म्हणजे दाबून ताब्यात घेणं, ते कडकच आहे, उगाच त्याला मवाळ करून सांगू नये असं माझं स्पष्ट मत. रादा म्हणजे राज्य करणं. पण हेच रादा बायबलच्याच लेवीय पुस्तकात २५ व्या अध्यायात आलंय, गरिबीपायी तुझ्याकडे राबायला आलेल्या भावावर कठोरपणे सत्ता गाजवू नको म्हणून, आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात ३४ व्या अध्यायात तर कळपावर जुलूम करणाऱ्या मेंढपाळांना याच शब्दाने धारेवर धरलंय. म्हणजे सत्ता आहे पण तिचा जाब विचारणारा वर बसलाय.

आणि लोक पुढचं पान उलटतच नाहीत! २:१५ मधे माणसाला एदेन बागेत ठेवलं ते कशाला, तर मशागत व राखण करायला. राखण काय सुंदर शब्द आहे, ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून दिवसभर गोफणीने पाखरं हाकतात ती राखण, गुरं राखतो तो गुराखी, आणि कोकणात गोव्यात गावाच्या सीमेवरचा राखणदार देव तर सगळ्यांना माहीत. हिब्रूत इथे शामर आहे, आणि पुढे भावाचा खून केलेला काइन, मी काय भावाचा राखणदार आहे असं देवाला उलट विचारतो तिथेही तोच धातू. जमिनीची राखण आणि भावाची राखण एकाच शब्दात, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका म्हटलं ते यालाच धरून आहे. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती पण वाड्या, विहिरी वाचवायलाच, केळीच्या बागा जाऊन इमारती येत होत्या तेव्हा. माझ्या लेखी ती या वचनाची खरी टीका, टीका म्हणजे भाष्य या अर्थाने.

प्रश्न :
मग १:२८ ला पण राखण करा असंच लिहायचं का?

उत्तर :
नको, मुळात जे नाही ते घालू नये. सत्ता राहू दे, पण प्रवचनात समजावताना कारभारी शब्द वापरा. करिंथकरांस पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात आहेच, कारभारी विश्वासू असला पाहिजे म्हणून. मराठी माणसाला कारभारी म्हणजे काय हे फोड करून सांगावं लागत नाही, हुकूम त्याचा चालतो पण सातबारा त्याच्या नावावर नसतो. विश्वस्त पण चालेल, फक्त तो ट्रस्टच्या मीटिंगमधला वाटतो.