गंगटोकहून त्सोमगो (चांगू) तलाव: ज्येष्ठांना घेऊन एका दिवसाची सहल कशी आखावी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नाशिकहून सिक्कीमला जाणार आहोत. सोबत सासूबाई आणि सासरे आहेत, दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, एरवी दोघेही रोज सकाळी फिरायला जाणारे आहेत. नऊ वर्षांची मुलगी आहे. शिवाय अमेरिकेत राहणारे माझे दीर थेट बागडोगरा विमानतळावर येऊन आम्हाला भेटणार आहेत. त्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) आहे.

आम्ही रविवारी दुपारी गंगटोकला पोहोचू. ज्या एजंटशी बोलणे झाले, त्याने सोमवारी सकाळीच त्सोमगो तलाव, बाबा मंदिर (सैनिक हरभजन सिंग यांचे स्मृतिमंदिर) आणि नथु ला (चीनच्या सीमेवरची खिंड) अशी तिन्ही ठिकाणे एका दिवसात दाखवतो असे सांगितले आहे. एवढ्या उंचीवर ज्येष्ठांना एकदम नेणे योग्य ठरेल का? स्वतः गाडी ठरवून गेलो तर सवडीने फिरता येईल का, की एजन्सीमार्फतच जावे लागते? आणि दिरांना आमच्याबरोबर येता येईल का? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

डोंगरवाट

ताई, सर्वप्रथम एजंटाने दिलेला सोमवारचा कार्यक्रम तसाच स्वीकारू नका. नथु ला पर्यटकांसाठी सोमवारी आणि मंगळवारी बंद असते, हे गंगटोकमधल्या प्रत्येक एजन्सीला माहीत असते. सोमवारी नथु ला दाखवतो असे कोणी सांगत असेल, तर एकतर त्याने तुमचे वार नीट पाहिलेले नाहीत किंवा ऐनवेळी ‘आज परमिट मिळाले नाही’ असे सांगून त्याच पैशांत तुम्हाला फक्त तलावावरून परत आणले जाईल. त्याला तारीख आणि वार लिहून विचारा, आणि उत्तरही लेखी घ्या.

हा परिसर संरक्षित क्षेत्रात आणि चीनच्या सीमेजवळ असल्यामुळे परमिटशिवाय जाता येत नाही, आणि परमिट नोंदणीकृत एजन्सीमार्फतच काढावे लागते. त्यामुळे ‘स्वतः गाडी ठरवून’ याचा अर्थ इथे एवढाच होतो की, शेअर गाडीतील जागा घेण्याऐवजी एजन्सीकडून पूर्ण गाडी तुमच्या कुटुंबासाठी आरक्षित करायची. तुम्ही सहाजण असाल तर तेच करा, असे मी आग्रहाने सांगेन. शेअर गाडीत आठ-दहा प्रवासी असतात, तलावावर किती वेळ थांबायचे हे सर्वांच्या सोयीने ठरते, आणि एखाद्या ज्येष्ठाला बरे वाटेनासे झाले तर गाडी लगेच खाली वळवता येत नाही. आरक्षित गाडीचा खरा उपयोग नेमका या शेवटच्या गोष्टीसाठी आहे.

परमिटसाठी प्रत्येकाचे ओळखपत्र, त्याच्या छायाप्रती आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आदल्या दिवशी द्यावी लागतात. मोठ्यांसाठी मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांपैकी एक जवळ असू द्या, केवळ आधार किंवा पॅनवर विसंबू नका. मुलीसाठी जन्मदाखला किंवा शाळेचे ओळखपत्र घ्या. तुम्ही रविवारी दुपारी पोहोचणार असाल, तर ही कागदपत्रे नाशिकहूनच एजन्सीला पाठवून ठेवलेली बरी. गंगटोक सोडल्यावर थोड्याच वेळात ‘थर्ड माईल’च्या चौकीवर परमिट तपासले जाते आणि तिथे कागद अपुरा निघाला तर संपूर्ण गाडी खोळंबते.

आता उंचीविषयी. आपल्याकडच्या माणसाला हे आकडे नुसते ऐकून कळत नाहीत, म्हणून कळसूबाईचेच उदाहरण देतो. महाराष्ट्रातले ते सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे आणि गंगटोक शहरच जवळपास त्या उंचीवर वसलेले आहे. तिथून साधारण ३८ किलोमीटरच्या घाटरस्त्याने गाडी त्सोमगो तलावाशी, ३,७५३ मीटरवर, म्हणजे १२,३१३ फुटांवर जाते. दोन-अडीच तासांत दोन हजार मीटरहून जास्त चढाई होते आणि शरीराला जुळवून घ्यायला मध्ये मुक्काम नसतो. नथु ला त्याहूनही वर, ४,३१० मीटरवर आहे. वेफर्सची पाकिटे सोबत असतील तर ती वाटेत फुग्यासारखी टम्म फुगलेली मुलीला दाखवा. बाहेरच्या हवेचा दाब किती कमी झाला आहे, हे तिला एका नजरेत कळेल.

माझे स्पष्ट मत असे आहे की, सोमवार गंगटोकमध्येच काढावा. रुमटेक मठ, एनचे मठ, संध्याकाळी एम. जी. मार्गावर फिरणे, एवढे पुरेसे आहे. मंगळवारी फक्त त्सोमगो करावा. तलाव हाच त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम ठेवला, तर तो दिवस सुंदर जातो. तीन ठिकाणांच्या घाईत तलावाच्या वाट्याला वीस मिनिटे येतात आणि ती दुकानांच्या रांगेसमोर गाडी उभी करण्यातच जातात.

सकाळी शक्य तितक्या लवकर निघा. दुपारनंतर ढग उतरतात आणि अनेकदा समोरचा काठही दिसेनासा होतो. रस्ता लष्कराच्या वापराचा आहे; ताफा आला की पर्यटकांच्या गाड्या बाजूला घेतात, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. वाटेत क्योंगनोस्लाचा धबधबा लागतो, तिथे थांबायला चालकाला आधीच सांगून ठेवा, कारण तिथली पाच-दहा मिनिटांची विश्रांती ज्येष्ठांना पुढच्या चढासाठी उपयोगी पडते.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून उंचीच्या त्रासाविषयी थोडे सविस्तर लिहिते. हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. सासऱ्यांच्या बाबतीतला निर्णय त्यांची औषधे ज्यांना माहीत आहेत त्या डॉक्टरांनीच द्यायचा आहे आणि निघण्यापूर्वी त्यांची भेट घेणे आवश्यक आहे.

साधारण २,५०० मीटरच्या वर गेल्यावर उंचीचा त्रास होऊ शकतो. तलावाच्या काठी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, विलक्षण थकवा ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती बहुधा वर पोहोचल्यानंतर काही तासांनी दिसू लागतात, त्यामुळे तास-दोन तास थांबून त्याच दिवशी गंगटोकला उतरणाऱ्या बहुतेक निरोगी माणसांना मोठा त्रास होत नाही. एका दिवसाच्या सहलीतील हीच जमेची बाजू आहे. परंतु हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल, तर वर पोहोचताच धाप लागू शकते, आणि थंडीमुळे रक्तदाबही वाढू शकतो. रक्तदाब औषधाने नियंत्रणात असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर सासऱ्यांना तलावापर्यंत नेण्यास हरकत दिसत नाही. पहिल्याच खेपेला नथु लापर्यंत मात्र नेऊ नये. तिथे गाडीतून उतरल्यावर पायऱ्या चढाव्या लागतात, आणि नेमके तेच श्रम टाळायला हवेत.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी अनेक जण कोणाच्या तरी सांगण्यावरून ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या घेतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना किंवा लघवीचे प्रमाण वाढवणारे रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांना त्या आपल्या मनाने देऊ नयेत. रक्तदाबाची नेहमीची गोळी त्या सकाळी चुकवू नका. प्रवासात लघवीला थांबावे लागेल म्हणून ज्येष्ठ मंडळी गोळीही टाळतात आणि पाणीही कमी पितात, आणि मग डोके दुखू लागले की ते उंचीमुळे की पाण्याअभावी हे ठरवणे अवघड जाते. नाश्ता हलका पण वेळेवर द्या, काठावर सावकाश चालू द्या, मुलीला बर्फात पळू देऊ नका. झोपेत असल्यासारखे बोलणे, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर चहा घेऊ, थोडे थांबून पाहू असे न करता ताबडतोब खाली निघा. खाली उतरणे हाच त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

तीस्ताकिनारा

आपल्या दिरांविषयी लिहितो. ओसीआय कार्ड असले तरी संरक्षित क्षेत्राच्या परवान्यासाठी त्यांना परदेशी नागरिकच मानले जाते. सिक्कीममध्ये प्रवेश करण्यासाठीच त्यांना वेगळा परवाना लागतो. तो रंगपोच्या प्रवेशद्वाराशी मिळतो किंवा आधी ऑनलाइन काढता येतो. त्सोमगोसाठी परदेशी नागरिकांना एजन्सीमार्फत, किमान दोघांचा गट असल्यास परवाना मिळतो. तुमचे दीर एकटेच परदेशी नागरिक आहेत, तेव्हा कुटुंबातील भारतीय सदस्य गटात धरले जातील का, हे एजन्सीकडून पर्यटन विभागात विचारून घ्या आणि तसे लेखी कळवायला सांगा. नथु ला मात्र केवळ भारतीय नागरिकांसाठी खुले आहे, त्यामुळे तिथे ते येऊ शकणार नाहीत. तुम्ही फक्त तलावाचा बेत केला तर निदान सारे कुटुंब एकत्र राहण्याची शक्यता उरते, हा मुद्दा मला वरच्या दोन्ही प्रतिसादांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

काही एजन्सी ‘आणखी तलाव दाखवतो’ म्हणून कुपुप आणि मेनमेचो यांची नावे घेतात. कुपुपचा तलाव वरून पाहिल्यास हत्तीच्या आकाराचा दिसतो, म्हणून त्याला एलिफंट लेक म्हणतात, आणि तो जुन्या रेशीममार्गाच्या बाजूला, जेलेप ला खिंडीच्या परिसरात आहे. मेनमेचोमधून रंगपो नदी उगम पावते. दोन्ही अतिशय देखणे आहेत, पण त्सोमगोच्याही पुढे आहेत, आणि परमिटवर जी ठिकाणे नोंदलेली असतात त्यांपलीकडे चालक तुम्हाला नेऊ शकत नाही. ज्येष्ठांसह आलेल्या पहिल्या भेटीत त्यांचा विचार करू नये, असे मला वाटते.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एजंटाला वार लिहून विचारले, तेव्हा ‘सोमवारी फक्त त्सोमगो आणि बाबा मंदिर होईल’ असे उत्तर आले. आता सोमवार गंगटोकमध्ये आणि मंगळवारी फक्त तलाव असेच ठरवत आहोत. सासऱ्यांना या आठवड्यात डॉक्टरांकडे नेणार आहे. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मे महिन्यात बर्फ मिळतो का, आणि त्याप्रमाणे कपडे काय घ्यावेत? आणि रस्ता बंद असेल तर काय होते?

रानजाई

बर्फाची हमी कोणीच देऊ शकत नाही. जानेवारी ते मार्च या काळात तलाव बहुधा गोठलेला असतो. मेमध्ये पाणी मोकळे होते, बर्फ राहिलाच तर काठावरच्या उतारांवर आणि घळींत तुकड्यातुकड्यांनी राहतो. त्याच सुमारास तिथल्या उतारांवर ऱ्होडोडेंड्रॉन आणि प्रिम्युला फुलू लागतात. मला स्वतःला मोकळ्या पाण्याचा त्सोमगो गोठलेल्या त्सोमगोपेक्षा अधिक आवडतो. सकाळी वारा सुटण्यापूर्वी समोरचा डोंगर त्यात उलटा उभा असतो, आणि पहिली झुळूक येताच खालचा डोंगर आधी कडेने विरू लागतो आणि मग पूर्ण नाहीसा होतो. मुलीला हे पाहता यावे म्हणून तरी लवकर निघा.

कपड्यांचे म्हणाल तर एकच जाड जाकीट घेण्यापेक्षा दोन-तीन थर घाला, कारण गंगटोकमध्ये निघताना उकडते आणि वर गार वारा अंगाला झोंबतो. कानटोपी आणि हातमोजे ज्येष्ठांसाठी आवश्यकच आहेत. गमबूट आणि जाकिटे तिथल्या दुकानांत भाड्याने मिळतात, मात्र भाड्याचे बूट आधीच्या प्रवाशाच्या ओल्या मोज्यांनी आतून दमट झालेले असू शकतात, म्हणून लोकरी मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत ठेवा. रोख रक्कम जवळ असू द्या. पिण्याचे पाणी गंगटोकमधूनच आपल्या बाटल्यांत भरून न्या. सिक्कीममध्ये १ जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्याच्या विक्रीवर बंदी आहे.

शिंगांना रंगीत लोकरी आवरणे घातलेले याक काठावर दिसतील आणि मुलीला त्यावर बसायचे असेल. भाडे आधी ठरवा, फेरी किती लांब हेही विचारा, आणि ज्येष्ठांना मात्र बसवू नका. त्या उंचीवर पडून लागले तर उपचारासाठी गंगटोकलाच यावे लागते. रोपवेनेही जाता येते, पण तो तलावाहून आणखी वर नेतो, हे ध्यानात ठेवून सासऱ्यांच्या बाबतीत निर्णय घ्या.

एक कळकळीची विनंती आहे. स्थानिक लोकांसाठी हा तलाव पवित्र आहे, त्यामुळे पाण्यात हातपाय धुणे, नाणी टाकणे, खाल्ल्यावर पाकीट दगडांच्या फटीत खोचणे हे कृपया कटाक्षाने टाळा आणि बरोबरच्यांनाही टाळायला सांगा. त्सोमगो पोखरी संरक्षण समिती नावाची स्थानिकांची समिती तिथली स्वच्छता पाहते. कोपऱ्यात साचलेल्या मॅगीच्या पाकिटांवरची अक्षरे मराठी घरांतही रोज वाचली जातात, हे पाहून मला फार वाईट वाटले होते.

डोंगरवाट

रस्ता बंद होण्याविषयी. पाऊस, दरड किंवा बर्फ पडला की प्रशासन त्या दिवसाची परमिटे थांबवते किंवा अलीकडच्या टप्प्यापर्यंतच देते, आणि त्या आदेशाशी कोणीही हुज्जत घालू नये. ४ एप्रिल २०२३ रोजी याच रस्त्यावर १५व्या मैलाजवळ हिमस्खलन होऊन सात पर्यटकांचा मृत्यू झाला होता. त्या दिवशी पर्यटकांना १३व्या मैलापर्यंतच जाण्याची परवानगी होती. ‘थोडे पुढे घ्या, लांबून पाहून येऊ’ असे चालकाला कधीही म्हणू नका, आणि त्याने स्वतःहून तयारी दाखवली तरी नकार द्या.

पैशांचे असे करा: पूर्ण रक्कम आधी देऊ नका, आणि रस्ता बंद राहिला तर रक्कम परत मिळेल की दुसऱ्या दिवशी वापरता येईल, हे एजन्सीच्या संदेशात नोंदवून घ्या. बुधवार मोकळा ठेवता आला तर उत्तम, म्हणजे मंगळवार हुकला तरी तलाव हुकणार नाही. मात्र त्या दिवशी परमिट नव्याने काढावे लागेल, म्हणून छायाचित्रांच्या जादा प्रती नाशिकहूनच घेऊन या.