'शाळा'तला जोशी मोठा होतो, की नुसता नववी पास होतो?

कट्ट्यावरचा
शाळकरी नायकाच्या कादंबरीवर कुणीही लिहायला बसलं की 'शेवटी मुलगा मोठा होतो' हे वाक्य ठरलेलं. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'बद्दल (२००४) तर हमखास. माझं म्हणणं सरळ आहे : मुकुंद जोशी मोठा होत नाही.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात : आणीबाणीचा काळ, नववीतला जोशी, सुऱ्या-चित्र्या-फावड्या ही टोळी, अर्धवट बांधकामाच्या बिल्डिंगीत बसून केलेल्या गप्पा आणि वर्गातली शिरोडकर. सुऱ्याचं केवड्याबरोबरचं प्रकरण शाळेपर्यंत पोचतं. शिरोडकर निघून जाते आणि दहावी समोर येऊन उभी राहते. संपलं.

मोठ्यांची ढोंगं जोशीला पहिल्या पानापासून दिसतात, टोमणे मारण्यात तो तेव्हापासूनच तरबेज आहे. शेवटच्या पानावर तो जास्त दुःखी आहे, एवढंच. आपल्याला स्वतःची नववी आठवते, गळा दाटतो आणि त्याचं श्रेय आपण जोशीच्या 'वाढी'ला देऊन मोकळे होतो.

वेताळ
साफ असहमत. चौदाव्या वर्षी माणूस काय ठराव पास करून मोठा होतो का?

भाषेकडे बघा. सुरुवातीला सगळा 'लाइन'चा हिशोब : कोण कुणाला देतं, कोण घेतं, कुणाची कटली. टोळीचा खेळच तो. शिरोडकरशी खरंखुरं बोलणं सुरू झाल्यावर ती भाषा जोशीच्या कामाची राहत नाही. तिच्याशी झालेलं बोलणं तो बिल्डिंगीत जसंच्या तसं ओतत नाही. जिवलग मित्रांपासून काहीतरी राखून ठेवावंसं वाटणं, ही त्या वयात केवढी मोठी उडी आहे! तुम्हाला उडी म्हणजे ढोलताशे हवेत, त्याला बोकील काय करणार.

कट्ट्यावरचा
राखून ठेवणं म्हणजे वाढ? मग आमच्या सोसायटीचे खजिनदार महापुरुषच म्हणायचे.

गंमत सोडा. आणीबाणी कादंबरीभर मागे चालू आहे. मोठे कसे गप्प बसतात, कुणाला काय सोसावं लागतं, हे जोशी पाहतो. त्या पाहण्याचा त्याच्या वागण्यावर काय परिणाम झाला, ते सांगा.

तापीकाठ
वाढ म्हणजे वरच चढलं पाहिजे हा हट्ट का? भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) घ्या. पांडुरंग सांगवीकर तसा किशोर नाही, गोष्ट सांगताना पंचवीसचा आहे. पण मॅट्रिक होऊन खेड्यातून पुण्याच्या होस्टेलवर येतो तेव्हा पोरगाच असतो. आल्या आल्या उत्साह बघा त्याचा : मंडळं, स्पर्धा, मेसचा कारभार. ती मेसच त्याला खड्ड्यात घालते. बापाचा पैसा जातो, परीक्षा जाते, गडी सांगवीला परत. शिकून साहेब होण्याची जी शिडी आमच्या खानदेशातल्या घराघरात पोरांना दाखवतात, ती नेमाड्यांनी उलटी धरली. काही 'न होता' परत येणं हीही वाढच.

कट्ट्यावरचा
ती वाढ नव्हे, बापाच्या जिवावर काढलेला रुसवा.

तापीकाठ
बापाच्या जिवावर आहोत हे पांडुरंगाला तुमच्यापेक्षा जास्त बोचतं, भाऊ. घरी परतल्यावरची पानं परत वाचा.

सई_वाचतेय
मघापासून वाचतेय. जोशी, सांगवीकर, सुऱ्या, चित्र्या. मुली कुठेत?

शिरोडकर आपल्याला फक्त जोशीच्या डोळ्यांनी दिसते. तिच्या घरी काय बोलणी बसली, वर्गात नावं जोडल्यावर तिचं काय झालं, ते आपल्याला जोशीच्या कानावर येईल तेवढंच. 'कोसला'त पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं मरते. एक निघून जाते, एक मरते, आणि वाढ (किंवा न-वाढ) मोजायची ती मुलांची. हे कुणाला खटकत नाही?

मराठीत मुलीचं मोठं होणं जवळून बघायचं तर मला आत्मचरित्रांकडेच जावं लागलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' : सोवळ्यापायी घरात येणारी चीजवस्तू धुऊन घेणारे वडील, अकराव्या वर्षी लग्न, आणि मग कधी घरी तर कधी अचानक गायब असा नवरा. ती पोर हसत हसत शहाणी होत जाते. निर्णयाची मुभाच नसताना माणूस कसा वाढतो, हे तिथे दिसतं.

तापीकाठ
मुद्दा कबूल, मनीबद्दल मात्र नाही. मनीच्या मरणातून पांडुरंगाला काही 'शिकवण' मिळत नाही, म्हणून तर ती पानं अंगावर येतात. तिला शिडीची पायरी केलेली नाही.

सई_वाचतेय
पायरी केली नाही हे खरं. पण मरायचं काम तिच्याकडेच आलं ना?

बिऱ्हाड_पाठीवर
आत्मचरित्रांचा विषय निघालाच आहे तर 'उपरा' विसरू नका. लक्ष्मण मानेंचं (१९८०). कैकाडी बिऱ्हाड, गाढवांवर संसार, आज या गावात तर उद्या पुढच्या, आणि तशात पोराला शाळेत घालायचा हट्ट धरणारा बाप. 'शाळा'त मुलं शाळेला वैतागतात. इथे शाळेत टिकायचं हीच लढाई. किशोरवय नावाचा निवांत मधला काळ असतो, हे गृहीतच मुळी पक्क्या घरात राहणाऱ्यांचं आहे. जोशी मोठा होतो की नाही यावर वाद घालायला वेळ मिळतो, कारण जोशीला मोठं व्हायची घाई नाही.

वेताळ
+१. शेवटच्या वाक्याला दंडवत.

कट्ट्यावरचा
दंडवत माझाही. पण ही आत्मचरित्रं झाली. तिथे माणूस तगून लिहायला बसला, यातच वाढीचा पुरावा आला. कादंबरीकाराला तो पुरावा पानावर उभा करावा लागतो. 'शाळा'त तो मला अजून मिळालेला नाही.

सई, ती नववी शिरोडकरच्या बाजूनं कुणी लिहिली तर पहिली प्रत माझी.

सई_वाचतेय
प्रत घ्याल हो. पण तिला तरी मोठी होऊ द्याल, की तिच्याकडेही पुरावा मागाल?